गाठोडेबुवांनी जपलेला आवाज

गाठोडेबुवांना पसारा बघवत नसे. चहाचे कप एकात एक घालून ठेवायचे, प्रवासाला निघताना मोजे बुटांत कोंबायचे, आणि बायको काही सांगायला लागली की दुसऱ्याच वाक्याला म्हणायचे, "थोडक्यात सांग." हे त्यांनी संसारात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जे जे लांबलचक, ते ते त्यांना फुकट वाया चाललंय असं वाटायचं.

नोकरीही अशी मिळाली की हा स्वभाव आणखीच पक्का झाला. दृष्टिहीनांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या एका वाचनालयात ते कॉम्प्युटर सांभाळायचे. वरच्या मजल्यावर कचेरी, खाली भिंतींना जाड स्पंज लावलेली रेकॉर्डिंगची खोली, आणि जिन्याच्या मागे एका थंडगार खोलीत बुवा आणि त्यांचं यंत्र. यंत्र युनिक्सवर चालणारं. तिथे चित्रं नाहीत की बटणं नाहीत. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण, आणि तिच्यापुढे आपण हुकूम टाइप करायचा. हुकूम बरोबर असला तर काम गुपचूप होतं. यंत्र 'झालं' एवढंसुद्धा म्हणत नाही, काही बिनसलं तरच तोंड उघडतं. बुवांना ही रीत भारी पसंत. माणसांनी यंत्राकडून हे शिकून घ्यावं, असं ते जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवायचे, आणि तेही भरपूर लांबण लावून.

गाठोडेबुवा हे नाव तिथेच पडलं. युनिक्सवर 'टार' नावाचा हुकूम असतो. तो दिला की अख्खं फोल्डर, पोटातल्या फोल्डरांसकट, एका फाइलीत बांधलं जातं. चादर पसरावी, त्यावर कपडे टाकावेत आणि चार टोकांची गाठ मारावी, तसं. मग 'जीझिप' ते गाठोडं दाबून लहान करतो. जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच ठेवतो आणि पुढे नुसती खूण करतो, की इथे मागचंच समजा. हुकमापुढे एकेक अक्षर लावायचं असतं. सी लावलं तर बांध, एक्स लावलं तर सोड, टी लावलं तर आत काय काय आहे त्याची नावं दाखव, आणि सोबत व्ही लावलं तर नुसती नावं नकोत, सगळं सविस्तर दाखव. बुवांची बोटं ही अक्षरं झोपेतही मारत असतील. जुना पत्रव्यवहार, जुन्या वर्गण्या, जुनी वेळापत्रकं, दिसेल ते ते बांधत सुटायचे. कचेरीत कुणी दोन दिवस रजेवर गेलं की बाकीचे म्हणायचे, "लवकर या, नाहीतर बुवा तुमचं टेबल बांधून ठेवतील."

नव्या माणसाला शिकवताना मात्र ते एक गोष्ट बजावून सांगायचे. मजकूर मस्त दबतो, त्यात तेच तेच शब्द असतात. पण आवाज म्हणून रेकॉर्ड केलेली फाइल दबत नाही. आवाजाचं गाठोडं जवळपास आवाजाएवढंच राहतं, आणि ते जर लहान झालं तर समजून जायचं की काहीतरी बाहेर सांडलं. हे त्यांचंच सांगणं, बरं का. दुसऱ्या कुणाचं नाही.

बुवांची बायको त्याच वाचनालयात वाचायला यायची. पगार नाही, मानधन नाही, हौस म्हणून. स्पंजच्या खोलीत बसून तिने कादंबऱ्या वाचल्या, इतिहासाचे ग्रंथ वाचले, बागकामाचं पुस्तक वाचलं, मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक वाचलं. ऐकणारी माणसं तिला ताई म्हणायची आणि कचेरीत फोन करून विचारायची, ताईंचं नवीन काही आलं का. आणि बुवा? बुवांनी त्यातलं एकही पुस्तक कधी ऐकलं नाही. भिंतीच्या एका बाजूला बायको वाचतेय आणि दुसऱ्या बाजूला हे फायली दाबतायत, अशी वर्षं गेली. कुणी विचारलंच तर हसून म्हणायचे, घरी रोज ऐकतोच की, तेही न मागता. लोक हसायचे. तीही हसायची. हसण्यावारी गेलं म्हणून बोचलं नसेल, असं थोडंच आहे?

एकदा तिने हौसेने म्हटलं की माझी सगळी पुस्तकं एका जागी बघायला मिळतील का. पुस्तकं डिस्कवर विषयवार ठेवलेली होती, इकडे इतिहास, तिकडे कादंबऱ्या. बुवांनी काय केलं, तिच्या नावाचं एक फोल्डर उघडलं आणि त्यात लिंका ठेवल्या. लिंक म्हणजे नुसती पाटी. अमुक पुस्तक तमुक जागी आहे, एवढंच सांगणारी. पण हुकमात तिचं नाव दिलं की पुस्तक वाजायला लागतं, त्यामुळे वापरणाऱ्याला पाटी कुठली आणि घर कुठलं, हे कळतसुद्धा नाही. पुस्तकं दोनदा ठेवायला नकोत, जागा वाचली. ती एवढी खूश झाली की बुवांना स्वतःचाच अभिमान वाटला.

पुढे वाचनालयात नवे वाचक आले, चांगली यंत्रं आली, आणि तीच पुस्तकं नव्याने वाचली गेली. व्यवस्थापकांनी ठरवलं की जुनी रेकॉर्डिंगं आता नकोत, जुनी डिस्क मोडीत काढायची. बुवांनी परवानगी मागितली की बायकोची तेवढी मी आठवण म्हणून ठेवतो. व्यवस्थापक म्हणाले, अहो विचारता काय, ठेवा की.

डिस्क न्यायला माणूस आला त्या दुपारी बुवांची घाई झाली. माणूस दारात उभा, बाहेर त्याची गाडी वाटेत अडचण करून थांबलेली. बुवांनी बायकोच्या नावाचं फोल्डर धरलं, टारचा हुकूम टाइप केला, आणि तेवढ्यात तिचाच फोन आला. तिचा आवाज काही दिवसांपासून बसला होता. आधी सर्दी म्हणून झालं, मग वाचून वाचून घसा शिणला म्हणून झालं. आज ती डॉक्टरांकडे जाऊन आली होती. डॉक्टरांनी घशात नळी घालून कसं पाहिलं, पाहताना ते कसे गप्प झाले, मग त्यांनी नर्सला बाहेर कसं पाठवलं, हे सगळं ती त्या चिरक्या आवाजात क्रमाने सांगत होती.

"थोडक्यात सांग," बुवा म्हणाले.

ती थांबली. मग म्हणाली की उद्या मोठ्या दवाखान्यात तपासणी आहे, सोबत याल का. येतो म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता टारची एक खोड आहे, आणि ती बुवांना पाठ होती. त्याला लिंक दिली तर तो लिंकच बांधतो. पाटीवरचा पत्ता वाचून तो घरात शिरत नाही, पाटी उपटतो आणि गाठोड्यात टाकतो. घरातलं सामान हवं असेल तर हुकमाला आणखी एक अक्षर लावावं लागतं. ते बुवांनी लावलं नाही. बरं, बांधून झाल्यावर तपासायचा त्यांचा शिरस्ता होता, तो त्यांनी पाळला. पण रोज टीबरोबर व्ही लावायचे, त्या दिवशी नुसतं टी लावलं. व्ही लावलं असतं तर प्रत्येक नावापुढे बाण दिसला असता, ही नुसती पाटी आहे आणि ती तिकडे बोट दाखवतेय म्हणून. न लावल्यामुळे फक्त नावं आली, एकाखाली एक, सगळी जिथल्या तिथे. गाठोड्याचा आकारही पडद्यावर होता. तो किलोबाइटमध्ये होता, गिगाबाइटमध्ये असायला हवा होता. नजर गेली, लक्ष गेलं नाही. त्यांनी डिस्क काढली, त्या माणसाच्या हातात दिली आणि सहीसुद्धा केली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय उगीच? गाठोडं घरी आणलं, एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर, एक कपाटात, एक लेकीकडे. इतकं जपणारा नवरा कुणाला मिळणार? उघडून मात्र एकदाही पाहिलं नाही. बांधलेलं गाठोडं उगाच सोडायचं नसतं, असं त्यांचं मत.

दवाखान्यात गाठ निघाली, वाईट जातीची. बायको वाचली, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. तेव्हापासून ती बोलायची ती टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला टेकवून. ओठ हलवले की त्यातून शब्द उमटायचे, पण सगळे एकाच सुरात, भुणभुणत. राग आला तरी तोच सूर, माया आली तरी तोच. बाहेर लोक वळून बघायचे म्हणून ती फारशी बोलेनाशी झाली. घरात खुणांवर भागायचं. बुवांच्या घरात आता सगळं थोडक्यात होऊ लागलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ते घर खायला उठलं. पण सांगणार कुणाला? ते कपाटाकडे बघायचे आणि मनाशी म्हणायचे, आवाज आहे आपल्याकडे. कधी फारच वाटलं तर काढू.

लेकीची मुलगी चार वर्षांची झाली आणि प्रश्न अंगावर आला. नात आजीच्या यंत्राला भ्यायची. आजीने गळ्याला ते लावलं की पोर आईच्या पाठीमागे पळायची आणि एकदा तर म्हणाली, ही आजी नको. आजीने त्या दिवसापासून नातीसमोर यंत्र हातात धरलं नाही. पोर आली की नुसती हसायची आणि केस विंचरून द्यायची. लेकीला ते बघवेना. तिने बुवांना म्हटलं, "बाबा, आईचं ते प्राण्यांच्या गोष्टींचं पुस्तक काढा ना. हिला एकदा कळू दे, आपली आजी कशी बोलायची ते."

दुसरं काही शिल्लक नव्हतंच. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओवर वरून संगीत चढवलेलं, त्यात आईचे नुसते ओठ हलतात. फोनवर बोललेलं तेव्हा कोण साठवून ठेवत होतं? तर बुवा उत्साहाने म्हणाले की रविवारी या, सगळी पुस्तकं आहेत, हवं ते लावू. बायकोने ऐकलं. रविवारी सकाळपासून तिने दोनदा खोली आवरली, स्पीकरवरची धूळ पुसली, आणि नातीला मांडीवर घेऊन पुढ्यात येऊन बसली. स्वतःचा आवाज ऐकायला ती पाहुण्याची वाट पाहावी तशी बसली होती.

बुवांनी हुकूम दिला. एक्स, सोड. बोट उचलायच्या आत गाठोडं सुटलं. आणि तिथेच त्यांना खटकलं, कारण एवढी पुस्तकं इतक्या पटकन सुटत नाहीत. पडद्यावर नावं होती. कादंबऱ्या, इतिहास, बागकाम, प्राण्यांच्या गोष्टी. त्यांनी गोष्टींचं पुस्तक लावायला सांगितलं. यंत्र म्हणालं, अशी फाइल नाही. दुसरं लावलं. अशी फाइल नाही. मग त्यांनी इतकी वर्षं राहिलेलं ते व्ही लावून यादी मागितली, आणि प्रत्येक नावापुढचा बाण एका मोडीत गेलेल्या डिस्ककडे बोट दाखवत उभा राहिला.

"काय झालं बाबा?"

यंत्र जरा त्रास देतंय, दोन-चार दिवसांत बघतो, असं ते म्हणाले. धडधडीत खोटं. नात केव्हाच मांडीवरून उतरून गॅलरीत गेली होती. बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि स्पीकरवर फडकं टाकलं.

पुढचे दिवस बुवा वेड्यासारखे हिंडले. कपाटातली प्रत, लेकीकडची प्रत, सगळीकडे त्याच पाट्या. वाचनालयात गेले, तर नवे व्यवस्थापक आदराने बोलले, पण जुनी डिस्क तेव्हाच चुरडली गेली होती. बुवांनी पुन्हा पुन्हा विचारलं, कुठे दुसरी प्रत नाही का? अहो, तुम्हीच तर सही केलीत, तो भला माणूस ओशाळून म्हणाला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. शेवटी त्यांनी जुन्या श्रोत्यांचे पत्ते मागितले. कुणीतरी एखादं पुस्तक ठेवून घेतलं असेल, एवढीच आशा.

बहुतेकांनी ऐकून पुस्तकं परत केली होती, तसा नियमच होता. शेवटी ते एका निवृत्त प्राध्यापक बाईंकडे गेले. बाई जन्मापासून दृष्टिहीन, एकट्या राहणाऱ्या, कॉलेजात इतिहास शिकवलेल्या. त्यांच्याकडेही काही नव्हतं. पण ताईंचे यजमान आलेत म्हटल्यावर त्यांनी बुवांना उठूच दिलं नाही. कौतुकाने सांगत राहिल्या. ताई वाईट बातमी वाचायच्या आधी एक बारीकसा श्वास घ्यायच्या, त्यावरून आम्हाला कळायचं की आता सावरून बसायला हवं. लढाईची वर्णनं भराभर वाचायच्या, जणू त्यांना ती आवडत नसत. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आलं की आवाज एक पायरी खाली उतरायचा. आणि एका कादंबरीत एके ठिकाणी त्यांना हसू आवरलं नाही, ते तसंच राहिलं होतं, कुणी कापलं नव्हतं. ते हसू ऐकायला मी ते पुस्तक पुन्हा मागवलं होतं.

"तुमचं बरं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घरात सारखं ऐकायला मिळालं."

बुवांनी मान हलवली. बाईंना ते दिसणार नव्हतं, पण तोंडाने हो म्हणायला त्यांची जीभ रेटेना. चहा तसाच टाकून ते उठले.

घरी येताना त्यांनी ठरवलं, आता लपवायचं नाही. बायको जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत बसली होती. बुवा समोर बसले आणि सगळं सांगितलं. लिंका कशा होत्या, टार त्या तशाच कसा बांधतो, कुठलं अक्षर राहिलं, डिस्क न्यायला आलेला माणूस कसा दारात उभा होता, तिचा फोन कसा तेव्हाच आला होता, आणि आपण तिला काय म्हणालो होतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही थोडक्यात सांगितलं नाही. शेवटी ते म्हणाले, माझ्या हातून तुझा आवाज गेला. डॉक्टरांनी नेला तो नेला, उरलेला मी घालवला.

ती रडली नाही. निवडलेली पानं तिने एका बाजूला सारली, हात पदराला पुसले, आणि कित्येक दिवसांनी ते यंत्र उचलून गळ्याला लावलं.

"माझा आवाज मला आठवतो. तुम्हाला आठवतो का?"

"आठवतो."

"कसा होता?"

बुवांनी सांगितलं. वाईट बातमीच्या आधी बारीकसा श्वास घ्यायचीस. लढाया भराभर वाचायचीस, आवडायच्या नाहीत तुला. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं आलं की आवाज एक पायरी उतरायचा. एकदा मध्येच हसलीस, ते तसंच राहिलं होतं. बोलता बोलता त्यांना दिसलं की तिचा चेहरा उजळतोय. डोळे भरून आले होते आणि ती पोरीसारखी ऐकत होती, आणखी सांगा, आणखी सांगा अशी. बाईंचं नाव सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्या चेहऱ्याकडे बघून ते बाहेर पडलं नाही. किती वर्षांनी तिला काहीतरी देता येत होतं, भले उसनं का असेना.

"पुस्तकं ऐकली होतीत तुम्ही," तिने विचारलं, की नुसतं म्हटलं, हे त्या एकसुरी भुणभुणीत कळायला मार्ग नव्हता. मग तिने यंत्र पुन्हा टेकवलं.

"आणि घरात? घरात तुमच्याशी बोलताना कसा होता?"

बुवांनी तोंड उघडलं. इथे उसनं आणायला कुणी नव्हतं. हे ऐकायला तिच्यासमोर सगळा जन्म एकच माणूस बसलेला होता, आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. त्यांनी खूप आठवून पाहिलं. सकाळी हाक कशी मारायची, लेक आजारी असताना काय पुटपुटायची, भांडताना आवाज चढायचा की उलट बारीक व्हायचा. काही म्हणजे काही हाती लागेना. काय सांगितलं होतं ते बरंचसं आठवत होतं, सार पक्कं ध्यानात होतं, पण सांगणारीचा आवाज कुठेच नव्हता.

ती वाट पाहत राहिली. घाई केली नाही, मदतही केली नाही. बुवांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. तेव्हा तिने गळ्यावरचं यंत्र काढलं, बंद केलं आणि राहिलेली भाजी पुढ्यात ओढून निवडायला घेतली.